ठिणगी

लेसरचा झोत डोळ्यांना दिसत नाही. तो भिंगातून जातो आणि भिंगापासून वीतभर अंतरावर, नुसत्या हवेत, पांढरीनिळी ठिणगी उमटते. तिथे काडी नसते, तार नसते, धातू नसतो. टिकली फुटावी तसा आवाज होतो आणि पुढच्या झोताला पुन्हा तेच. आमचा लेसर सेकंदाला दहा झोत सोडतो, त्यामुळे सगळी खोली त्या टचटचीने भरून जाते. विद्यापीठात लेसर आणि प्लाझ्मावर काम करताना माझी बरीच वर्षं या ठिणगीसमोर गेली. तिचा कंटाळा मला अजून आलेला नाही.

ठिणगीशी ओळख मात्र त्याच्या फार आधीची. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आण्णांचं वेल्डिंगचं दुकान होतं. शेजारी ऑइल इंजिनांचे सुटे भाग करणारे लेथ, पलीकडे फौंड्री. आण्णांकडे ट्रॉल्यांची आणि गुऱ्हाळांची कामं यायची. होल्डरमध्ये रॉड अडकवला, काळी काच तोंडासमोर धरली की ते ओरडायचे, "तिकडं बघू नगासा रं!" तरी नवीन आलेल्या पोरांपैकी कुणीतरी बघायचंच. रात्री त्याचे डोळे चुरचुरायचे, पाणी वाहायचं, मग आई थंड दुधाच्या पट्ट्या ठेवायची. रॉड आणि लोखंड यांच्यामधली हवा इतकी तापते की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात. त्या तापलेल्या, विजेने भरलेल्या वायूलाच प्लाझ्मा म्हणतात. त्यातून निघणारे अतिनील किरण डोळ्याचा पुढचा पडदा भाजतात. हे कॉलेजात वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला भौतिकशास्त्र आपल्या घरातलं वाटलं.

आमच्या लेसरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त. तो डोळ्याच्या पुढच्या पडद्याला काहीच करत नाही. आरपार जातो आणि थेट दृष्टिपटल जाळतो. वेदनेचा इशाराही मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत शिरताना चष्म्याआधी मी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवते आणि मंगळसूत्र कोटाच्या आत घालते, कारण चकचकीत वस्तूवरून उडालेला तिरपा झोतही पुरेसा असतो. नव्या विद्यार्थिनींना मी समीकरणं शिकवण्याआधी हे शिकवते.

एका झोतात ऊर्जा किती, तर जेमतेम एक दशांश जूल. पण ती आठ अब्जांश सेकंदात येते, म्हणून तेवढ्या क्षणापुरती शक्ती एक कोटी वॅटच्या वर जाते. भिंग ती सगळी एका बिंदूत आणतं. तिथे एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, प्रकाश त्याला वेग देतो, तो दुसऱ्या अणूवर आदळून आणखी एक सोडवतो, दोनाचे चार, चाराचे आठ. बघता बघता तिथली हवा प्लाझ्मा होते आणि मागून येणारा प्रकाश अडवते. त्यामुळे ठिणगी लेसरच्या दिशेनेच वाढत जाते, ज्या बाजूने प्रकाश आला त्या बाजूला. वेगवान कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रांत तिचं हे उलटं चालणं बघताना मी आजही हातातलं काम विसरते.

या कामात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे थांबणं. ठिणगी पेटल्यावर लगेच वर्णपट घेतला तर नुसता पांढरा झगमगाट मिळतो, त्यात सगळेच रंग असतात आणि म्हणून सांगण्यासारखं फारसं काही नसतं. साधारण एक मायक्रोसेकंद थांबून कॅमेऱ्याचं दार उघडायचं. तोवर प्लाझ्मा थोडा निवतो आणि एकेका मूलद्रव्याच्या रेषा वर येतात. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला असते, हवेतल्या बाष्पातून आलेली; ती किती रुंद झाली आहे यावरून इलेक्ट्रॉनांची दाटी कळते. सोडियमची जोडी, ५८९.० आणि ५८९.६, बहुतेक नमुन्यांत डोकावते, कारण बोटांच्या घामातलं मीठसुद्धा तिला पुरतं. अणूंपैकी किती आयन झाले हे मोजलं की मेघनाद साहांच्या समीकरणावरून तापमान काढता येतं. साहांनी ते १९२० मध्ये मांडलं आणि ताऱ्यांचा प्रकाश वाचता येऊ लागला. सूर्याच्या पृष्ठभागाहून गरम असलेल्या आमच्या ठिणगीलाही तेच लागू पडतं.

हवेतली ठिणगी समजली की निर्वातातली बघावीशी वाटते. हवेचा दाब नसला की प्लाझ्मा मोकळा सुटतो, झपाट्याने पसरतो, रेषा फिक्या होतात. त्यासाठी व्हॅक्यूम चेंबर हवा, आणि आमचा चेंबर विद्यापीठाच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी बांधला. स्टेनलेस स्टीलचा, आर्गॉनमध्ये टंगस्टनच्या टोकाने जोडलेला. मी ड्रॉइंग घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "जॉइंट आतून मारतो मॅडम. बाहेरून मारलं तर फटीत हवा बसून राहते, पंप कितीही चालवा, दाब उतरत नाही." हे कोणत्याही पुस्तकात वाचण्याआधी मी त्यांच्याकडून ऐकलं.

आण्णा एकदा प्रयोगशाळा बघायला आले. ठिणगी त्यांनी चष्म्यातून पाहिली, मान डोलावली. मग चेंबरपाशी जाऊन त्याच्या जॉइंटवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुणी मारलंय हे?" मी मिस्त्रींना बोलावलं. पुढचा तासभर दोघं गॅसचा प्रवाह आणि स्टीलची जाडी यांवर बोलत बसले आणि मी चहा आणून देत राहिले. माझ्या पीएचडीच्या दिवशीही आण्णांचा चेहरा इतका खुललेला मला आठवत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं. प्रज्ञान रोव्हरवर बेंगळुरूच्या इस्रो प्रयोगशाळेत तयार झालेलं एक उपकरण होतं, जे चंद्राच्या मातीवर लेसर मारून ठिणगी पाडतं आणि तिचा प्रकाश वाचतं. आठवड्याच्या आत बातमी आली: दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक आहे. शिवाय ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियम. मंगळावर क्युरिऑसिटी २०१२ पासून सात मीटर अंतरापर्यंतच्या दगडांवर हेच करत आली आहे. चंद्रावर हवा नाही, म्हणजे तिथली ठिणगी आमच्या चेंबरमधल्या ठिणगीच्या जातीची. त्या दिवशी मी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि विद्यार्थ्यांना घेऊन चेंबरपाशी गेले.

मिस्त्री आता निवृत्त झाले आहेत. त्यांची जागा रिकामी आहे आणि वर्कशॉपला बहुतेक दिवस कुलूप असतं. आजचे विद्यार्थी सिम्युलेशन उत्तम करतात, त्याचा मला अभिमान आहे. पण जॉइंट कुठून मारायचा हे त्यांना सांगणारं कुणी उरलं नाही, आणि लहानशा फ्लँजसाठी आम्ही बाहेर ऑर्डर देऊन महिनोन्‌महिने थांबतो. प्रायोगिक भौतिकी अशी चालत नाही. विद्यापीठांनी वर्कशॉपमधली पदं भरावीत, जुन्या कारागिरांच्या हाताखाली नवी मुलं द्यावीत आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना निदान एक सत्र लेथ आणि वेल्डिंग शिकवावं. ज्यांच्या सहीने या नेमणुका होतात त्यांनी त्या यंदाच कराव्यात, हे शिकवू शकणारी माणसं हयात आहेत तोवर.