ग्रंथपालाची खुर्ची आपली का नको?

कंपनीतली नोकरी सोडून आम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आलो, तेव्हा शहाडच्या आमच्या वस्तीत एकच प्रश्न विचारला गेला : "एवढा पगार सोडून पुस्तकं द्यायला बसणार?"

प्रश्न प्रेमापोटी होता, पण त्यामागचा समज तपासला पाहिजे. ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा कारकून, हा तो समज. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार या पदासाठी एम.लिब.ला साधारणपणे ५५ टक्के आणि नेट किंवा समकक्ष पात्रता लागते. सुरुवातीची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाचीच. आम्ही नोकरी सांभाळून, कसारा लोकलमध्ये अभ्यास करून हे पूर्ण केले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथनसुद्धा मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले.

कंपनीतही आम्ही माहितीच लावत होतो : अहवाल, करार, बाजाराचे आकडे. पण तिथे माहिती पैसे मोजणाऱ्याला मिळते. ग्रंथालयात ती मागणाऱ्याला मिळाली पाहिजे. मिळते का?

एका महाविद्यालयात आम्ही बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड कुलूपबंद कपाटात पाहिले. शासन १९७९ पासून हे खंड प्रकाशित करत आहे. तरी कंत्राटी कामगाराच्या मुलीला ते घरी नेता येत नव्हते. कारण काय, तर "संदर्भग्रंथ आहेत". कोणते पुस्तक विकत घ्यायचे, किती प्रती, कोणते कुलपात आणि कोणते हातात, हे सुचवणारी आणि बऱ्याचदा ठरवणारी खुर्ची ग्रंथपालाची असते. ज्ञानावर पहारा बसवणे ही या देशाची जुनी रीत आहे. आता पहारेकऱ्याच्या जागी आपण बसून दार उघडायचे की नाही?

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपण जयंतीला तो फोटो लावतो, पण किती जण मुलांना ग्रंथपाल व्हायला सांगतो?

कॉर्पोरेटमध्ये जाऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. जरूर जा. पण तिथे शिकलेले कौशल्य इथेही लागते, हे लक्षात ठेवा. आणि अडचणही लपवत नाही : कायम पदे रखडतात, कंत्राटावर राबवून घेतात. आमचा पगार घटला तो त्यामुळेच. म्हणून ग्रंथपालांची रिक्त पदे आरक्षणासह भरा, ही मागणी शिष्यवृत्तीच्या मागणीइतक्याच जोराने केली पाहिजे. शिष्यवृत्तीने मुलगी महाविद्यालयात पोहोचते. पुस्तक हातात पडले नाही, तर ती तिथे नुसती हजेरी लावते.

जय भीम!