ळ

रविवारी पहाटे मोशीच्या पुलाशी मी स्कूटर कडेला घेते. देहूहून आलेली, आळंदीला निघालेली इंद्रायणी मधल्या या पट्ट्यात जलपर्णी पांघरून, अंग चोरून पडलेली असते; आणि चाकणहून रात्रपाळी सुटलेल्यांच्या बसगाड्या, काचेला कपाळ टेकून झोपलेली माणसं पोटात घेऊन, तिच्या काळ्या अंगावरून उजेडाची एकेक ओढणी ओढत निघून जातात. मग पूल क्षणभर रिकामा होतो.

तेवढ्यात नदी ऐकू येते.

तिथून पुढे हार्डवेअरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी, जिन्यात थिनरचा वास. आमची मंडळी इथे जमते. कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं, कुणी थेट आंध्रातलं. गाव सोडून पाळीच्या घड्याळावर जगणारी सगळी. पाळक आणि त्यांची बायको केरळातले. तिला आम्ही ताई म्हणतो. ताई मराठी शिकल्या त्या नवऱ्याच्या तोंडून, त्यामुळे पहिलं वर्षभर त्या ‘मी येतो, मी बसतो, मी प्रार्थना करतो’ असंच बोलायच्या. शेवटी फाट्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी हातातच धरून ठेवली.

“येते म्हण गं बाई. येते. मग देते.”

या पट्ट्याचं पोट ज्या ‘चार चाकां’वर चालतं, त्या दोन शब्दांतले दोन ‘च’ वेगळे, हे ताईंना अजून जमत नाही. मात्र ‘ळ’ त्या माहेराहूनच घेऊन आल्या. त्यांच्या भाषेच्या नावातच तो आहे, मलयाळम. पहिल्याच रविवारी त्यांनी ‘मंडळी’ असं स्वच्छ म्हटलं आणि माझ्या आत, फार खोल, कुणीतरी वळून पाहिलं.

ती माझी आजी होती. तिचं बालपण नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या आवारात गेलं. तिथल्या अमेरिकन मडमसाहेबांना ‘ळ’ येत नसे. एकदा त्या दाराशी येऊन काकुळतीनं म्हणाल्या, “आमचा पालक फार आजारी आहे.” आजीच्या आईनं परसातली ताजी पालकाची जुडी उपटून, माती झटकून, त्यांच्या ओंजळीत ठेवली. पाळकसाहेब तापानं फणफणलेले, आणि त्यांची बायको हातात भाजी घेऊन उभी. आधी दोघी हसल्या, मग मडमसाहेब रडल्या, मग आजीला पाटी आणायला सांगून त्यांनी ते अक्षर गिरवायला घेतलं. दोन डोळ्यांचं अक्षर. कितीदा गिरवलं तरी जीभ काही वळेना. पाळक, मंडळी, कळप, मेंढपाळ: परक्या जिभेला न वळणारं हे एक अक्षर चर्चच्या किती शब्दांत दडी मारून बसलंय!

त्या मडमसाहेबांच्या कितीतरी आधी, मुंबईला १८२९ साली उतरलेलं जॉन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश मिशनरी जोडपं आधी मराठी शिकायला कोकणात गेलं. बाणकोट-हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात मार्गारेटबाईंनीही हे ‘ळ’ घोटले असतील. मुंबईत त्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या. त्यातली एक गावदेवीला सेंट कोलंबा नावानं अजून भरते. बाई मात्र १८३५ मध्येच गेल्या. सहा वर्षं. एवढ्यात एखादी भाषा स्वप्नात येऊ लागते की नाही, कोण जाणे.

पुण्यातल्या मॅकनिकल या मिशनरी दांपत्याच्या स्वप्नात ती येत असावी. निकोल मॅकनिकलांनी संतांचे अभंग इंग्रजीत नेले, आणि नेमके एकशे आठ निवडले. जपमाळेइतके! मार्गारेट मॅकनिकल यांनी १९२३ मध्ये भारतातल्या स्त्रियांच्या कवितांचं पुस्तक सिद्ध केलं, त्यात आपली मुक्ताबाई आली, जनाबाई आली. सांगायला आलेली ही दोघं ऐकत बसली. इकडे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत, की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्या पुलावर रहदारी दोन्हीकडून होती.

गोऱ्या मिशनऱ्यांच्या बोलण्यात वरचढपणा होता, तो मी झाकत नाही. आजीनंही कधी झाकला नाही. पण पाटीपुढे बसून एका लहान मुलीकडून अक्षर शिकताना तो टिकत नाही. उपदेशाला आलेल्या माणसाला आधी बोबडं व्हावं लागतं, आणि बोबड्या माणसाला घास भरवावासा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात उपासना संपल्यावर ताई गच्चीच्या दारात उभ्या होत्या. फोनवर आईशी बोलत होत्या. पत्र्यावर पाऊस, आणि त्यात मला न कळणाऱ्या वाक्यांतून मधेच ओळखीचा ‘ळ’, पुन्हा ‘ळ’, पागोळीच्या थेंबासारखा. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. मला पाहून म्हणाल्या, “मी येते हं, चहा ठेवते.”

येते. ठेवते.

आता जिन्याच्या तोंडाशी एक पुठ्ठा टांगलाय, ताईंच्या हातचा. निळ्या शाईत, जरा तिरक्या ओळीत: ‘रात्रपाळीच्या मंडळींसाठी उपासना सकाळी साडेआठला. आधी नाश्ता.’