पचमढीच्या वाटेवर तिघी

पिपरिया स्टेशनवर उतरल्याबरोबर धाकटीने सामान मोजलं. दोन सॅक, एक होल्डॉल, पाण्याचा थर्मास. फौजीची मुलं पाढ्यांआधी सामान मोजायला शिकतात, असं तिची आई गमतीने म्हणते. जबलपूरच्या क्वार्टरमध्ये बाकीच्या ट्रंका बांधून तयार होत्या. वडिलांची बदली तेजपूरला झाली होती. मधले चार दिवस आईने पचमढीसाठी राखून ठेवले होते.

पिपरियाहून पचमढी सुमारे ५० किलोमीटर. बस मिळते, जीपही मिळते. देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो आणि हवा बदलते. सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. पर्यटक इथे पांडव गुंफा, जटाशंकर, बी फॉल पाहायला येतात. महाशिवरात्रीला विदर्भातले भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढतात. या तिघींना मात्र आधी गाठायचं होतं ते भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र.

आई इथे पूर्वी एकदा गाइड कॅप्टनच्या शिबिराला आली होती. त्यालाही बदलीच कारण झाली. थोरली ‘द्वितीय सोपान’पर्यंत पोहोचली आणि घर हललं. नव्या छावणीतल्या शाळेत गाइडचं पथक होतं, पण ते फक्त कागदावर. कॅप्टन म्हणून उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मुलगी महिनाभर रुसून बसली. आई त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका होती आणि लहानपणी साताऱ्याला स्वतः गाइड होती. तिने पथक हाती घेतलं. तेव्हापासून शनिवारी दुपारी ती मुलींची आई नसते, ‘कॅप्टन’ असते. धाकटीला हे फार दिवस पटलं नव्हतं.

केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला २० रेजिमेंटल शाळाच ताब्यात घेतल्या होत्या. बदलीच्या मुलांचा अभ्यासक्रम तुटू नये, हा हेतू. पुस्तकं तीच राहतात, मैत्रिणी राहत नाहीत. अशा वेळी अनोळखी शाळेत निळा गणवेश आणि गळ्यातला स्कार्फ पाहून कुणी डावा हात पुढे केला की निम्मं काम होतं.

केंद्राच्या फाटकावर ओळख सांगितली. आत कुठलंसं शिबिर चालू होतं. तंबू ताणलेले, चुलीचा धूर, दोरीवर वाळत घातलेली ताटं पुसायची फडकी. आईने एका झाडाखालची जागा दाखवली. इथे तिचा तंबू पहिल्याच पावसात कोसळला होता! मुली खूप हसल्या. ही गोष्ट तिने पूर्वी कधी सांगितली नव्हती.

संध्याकाळी जीपने धूपगडावर गेल्या. सुमारे १३५० मीटर उंचीचं हे सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर. सूर्यास्त पाहायला बरीच गर्दी होती. गर्दीच्या कडेला थोरली हळूच म्हणाली, “आई, मी तेजपूरला नाही आले तर? मामाकडे पुण्याला राहून अकरावी करीन म्हणते.”

आई बराच वेळ बोलली नाही. सूर्य डोंगराआड गेला, लोक जीपकडे वळले.

“बाबांशी बोललीस?”

“तुझ्याशी आधी.”

“मामीला त्रास देऊ नकोस,” आई म्हणाली. “आणि तिथे रेंजर टीम कुठे आहे, ते आधी विचार. आळंदी रस्त्यावर ‘संगम’ आहे. १९६६ मध्ये लेडी बेडन-पॉवेलने उद्घाटन केलं होतं. जगभरातल्या गाइड्स येतात तिथे.”

“मग आमच्या पथकात ताई नसणार?” धाकटीने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

परतायच्या सकाळी होल्डॉल बांधायचं काम धाकटीने मागून घेतलं. तिची डॉक्टरी गाठ नेहमी उलटी पडते आणि ताई ती सोडवून पुन्हा बांधते. या वेळी थोरली हात मागे बांधून नुसती बघत उभी राहिली. गाठ दोनदा उलटी पडली. तिसऱ्यांदा जमली, तेव्हा बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता.