कब्रस्तानातला कडुनिंब

आमच्या धर्मापुरीत लोक केदारेश्वराचं देऊळ आणि किल्ला बघायला येतात. जुनी झाडं बघायची तर कब्रस्तानात यावं. सावलीत पीक येत नाही म्हणून बांधावरची झाडं गेली; इथे कुणी नांगर घालत नाही, म्हणून राहिली.

दोन मोठे कडुनिंब होते. मागच्या उन्हाळ्यात एक गेला. कंपाउंडच्या भिंतीला पैसे हवे होते, वीटभट्टीवाला रोख देत होता. बैठकीत मीही मान हलवली. वर म्हणालो, बदल्यात दहा रोपं लावू. 2019 साली, राज्यभर 33 कोटी झाडं लावायची मोहीम होती तेव्हा, मुलांकडून लावून घेतलेल्या रोपांपैकी किती जगली हे ठाऊक असूनही म्हणालो.

यंदा दुसऱ्याची बोली लागली, तेव्हा वर्गात कार्बनचा धडा चालू होता. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. गेलेल्या झाडाचं कोरडं लाकूड दोनच टन धरलं, तरी कार्बन एक टन. तो जळाला की हवेत 3.67 टन कार्बन डायऑक्साइड. माझी मोटारसायकल 80 हजार किलोमीटर फिरली तर सोडेल, जवळपास तेवढा. भट्टीत काही दिवसांत संपला. रोप झपाट्याने वाढतं हे खरं, पण एवढा साठा व्हायला कित्येक वर्षं जातात, आणि तोवर ते जगायला हवं. मातीचंही तसंच. पाचोळ्यातला कार्बन न नांगरलेल्या जमिनीत टिकतो. नांगर फिरला की कुजण्याचा वेग वाढतो आणि तो हवेत जातो. शेजारच्या परळीत वीज करायला जळतो तो कोळसा तरी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं जंगलच.

हा हिशेब बैठकीत मांडला. एक चाचा म्हणाले, "मास्टर, हवा का हिसाब रहने दो, दीवार का बताओ."

बरोबरच होतं त्यांचं. मी माझी वर्गणी वाढवून दिली, आणखी तिघांनी दिली. भिंत अजून अर्धीच आहे.

झाड उभं आहे. अब्बांच्या कबरीवर आलेली एक वाळकी फांदी तेवढी काढली. भट्टीवाल्याने तिचीही चौकशी केली. चाचांनीच नाही म्हटलं. सुताराकडून तिच्या फळ्या काढून घेतल्या, कबरीत लावायला. सध्या त्या मशिदीच्या मागच्या खोलीत ठेवल्या आहेत.