दोष हाताचा की बटणाचा?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारी मुलांना बाहेर पाठवता येत नाही. घरात बसलेल्या मुलांचा हात मग आपोआप मोबाइलकडे जातो. त्यावर उतारा म्हणून गेल्या सुट्टीत मी माळ्यावरून माझ्या लहानपणचा टीव्ही गेम खाली काढला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोहोचले ते बहुतेक त्याच्या नकला असलेले डबे. पिवळी कॅसेट घालायची, दोन कंट्रोलर जोडायचे आणि भावंडांनी आळीपाळीने मारिओ पळवायचा. सगळे एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर.

डबा सुरू झाला. चित्र स्वच्छ आले, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. चौदा वर्षांचा थोरला लगेच म्हणाला, “अब्बू, हा खराब झालाय.”

खराब झालेला नव्हता. अँटेनाच्या तारेतून चित्र आणि आवाज वेगवेगळ्या लहरींवर येतात. त्या दोन लहरींमधले अंतर भारतात साडेपाच मेगाहर्ट्झ, हाँगकाँगमध्ये सहा आणि चीनमध्ये साडेसहा. डबा दुसऱ्या देशाच्या हिशोबाने बनलेला असला, तर चित्र दिसते. पण आवाज जिथे असतो तिथे टीव्ही तो शोधतच नाही. टीव्हीच्या चॅनल शोधण्याच्या मेनूत ‘साउंड सिस्टिम’ असा पर्याय असतो. तिथे ‘बीजी’च्या जागी ‘डीके’ केले आणि मारिओची ती ओळखीची धून खोलीभर वाजली. आतून दादी म्हणाल्या, “अरे, हे अजून जिवंत आहे?”

तरी मागे एक बारीक घूंऽऽ उरलेच. अशा वेळी मी एकच नियम पाळतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की फरक कशाने पडला ते कळत नाही. तार बदलली, घूं तसेच. कूलर बंद केला, घूं गायब. कूलर आणि डबा एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. डब्याचा अॅडॉप्टर वेगळ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला आणि कूलर पुन्हा चालू केला. नागपूरच्या मे महिन्यात तो बंद ठेवून चालणार नव्हतेच.

ज्यांच्या नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांऐवजी एकच बारीक गोल भोक आहे, त्यांना आणखी एक गंमत दिसेल. चित्र येत नाही आणि स्पीकरमधून भुणभुण येते. त्या जोडतारेच्या आतल्या जोडण्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे चित्राची वाट आवाजाला लागते. पिवळी पिन पांढऱ्या किंवा लाल भोकात लावून पाहावी. अनेकदा तेवढ्याने काम होते.

खरा प्रश्न मात्र आवाजाचा नव्हता.

नऊ वर्षांची धाकटी दुसऱ्या कंट्रोलरवर खेळायची आणि दर वेळी त्याच पहिल्या खड्ड्यात पडायची. भाईजान हसायचा. “हिला जमतच नाही!” तिसऱ्या दिवशी ती कंट्रोलर खाली ठेवून दादींजवळ तांदूळ निवडायला बसली. बोलावले तर म्हणाली, “मला नाही येत, अब्बू. त्यालाच खेळू दे.” आवाजात राग नव्हता. तिने ते मान्य करून टाकले होते, आणि मला तेच टोचले.

मी डबा बंद करून दोन्ही कंट्रोलरच्या पिना आपसांत बदलल्या. दोष डब्याच्या भोकात असेल तर तो जागेवरच राहतो. कंट्रोलरमध्ये असेल तर कंट्रोलरबरोबर जातो. आता तिचा कंट्रोलर थोरल्याच्या हातात होता. तो पळाला, उडी मारायला बटण दाबले आणि सरळ खड्ड्यात गेला. पुन्हा खेळला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर तो कंट्रोलरकडे बघत राहिला.

मागचे स्क्रू काढले. आत बटणाखाली रबर असतो आणि रबराला काळ्या कार्बनचा ठिपका. तो सर्किटवर टेकला की यंत्राला इशारा मिळतो. इतक्या वर्षांची धूळ आणि घाम तिथे चिकटला होता. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सर्किट हलके पुसले आणि पूर्ण वाळू दिले. उडीच्या बटणाचा कार्बन मात्र झिजला होता. सीताबर्डीत एका दुरुस्तीवाल्याकडे मोडीतला कंट्रोलर मिळाला. त्यातला रबर बसवला. टीव्हीवर ‘गेम मोड’ही लावला. एलईडी टीव्ही चित्र सुधारण्यात क्षणभर वेळ घालवतो आणि तेवढ्यात उडी चुकते. जुन्या डब्बा टीव्हीला ही अडचण नव्हती.

डब्याबरोबरची बंदूक मात्र चालली नाही, चालणारही नव्हती. ती जुन्या काचेच्या टीव्हीचा प्रकाश ओळखायला बनलेली आहे. बंदूक मोडलेली नाही, समोरचा पडदा बदलला आहे. दुसऱ्या कंट्रोलरला ‘स्टार्ट’चे बटण नाही, तेही मोडल्यामुळे नाही; मुळातच ते तसे बनवलेले आहे.

आपल्या घरांत बदगुमानी नेहमी मोठ्या गोष्टींवरूनच होते असे नाही. फळ्यावरचे दिसत नसलेल्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘मुद्दाम ओ देत नाही’ म्हणतो. पिना आपसांत बदलून पाहायला दोन मिनिटे लागतात. माणसाबद्दल मत बनवायला तेवढीही लागत नाहीत. आणि लहान मूल ते मत खरे मानून बाजूला जाऊन बसते.

थोरल्याला मी काही बोललो नाही. तो स्वतःच तांदळाच्या ताटाजवळ गेला आणि म्हणाला, “चल, तुझा कंट्रोलर नीट झाला. तो बिघडलेलाच होता.”

त्या दुपारी तिने पहिला खड्डा ओलांडला आणि पुढच्या वळणावर हरली. अजूनही ती बरेचदा हरते. पण आता ती हरली की म्हणते, “पुन्हा लाव.”