चौघांची बाराखडी

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला 'ग्रुप असाइनमेंट' हे शब्द उच्चारले की वर्गात दोन तट पडायचे. ज्यांना काम करायची खोड आहे त्यांच्या पोटात गोळा यायचा आणि ज्यांना नाही त्यांचे चेहरे उजळायचे. मी पहिल्या तटातली. रात्रभर जागून फाइल प्रिंटला द्यायची एकाने आणि सकाळी 'आम्ही असा विचार केला' म्हणत पुढे उभं राहायचं चौघांनी, हे पोस्टरपासून पॅकेजिंगपर्यंत सगळीकडे बघून झालं होतं. त्यामुळे सरांनी चौघाचौघांचे गट पाडून 'शहरातल्या रंगवलेल्या पाट्यांवरून एक देवनागरी डिस्प्ले फॉन्ट करा' असं सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. फॉन्टमध्ये अक्षरं असतात आणि अक्षरं मोजता येतात. वाटून घ्यायची की मिटलं.

आमच्या गटात एक मालवणची, एक नागपूरकर, एक सातारकर आणि मी पुण्याची. वाटणी मीच केली. क पासून ञ पर्यंत मालवणी, ट ते न नागपूरकर, प ते व सातारकर. उरलेली व्यंजनं, स्वर आणि अंक माझे. जोडाक्षरं नंतर बघू. पाट्यांचे फोटो काढले, ट्रेसिंग पेपरवर अक्षरं उतरवली, स्कॅन केली, प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर बेझिए वक्र ओढले. मग सगळं एका फाइलमध्ये आणून आम्ही 'खडकवासला' हा शब्द टाइप केला. या एका शब्दात चौघांचंही काम येतं.

प्रिंट बघून कोणी काही बोलेना. ख ची गाठ गोल गरगरीत. ड इतका खाली लोंबलेला की खालच्या ओळीत पाय. वा चा काना काडीसारखा. आणि माझा स, बोरूने काढल्यासारखा तिरक्या कापाचा, जाड-बारीक. चार दुकानांच्या पाट्या फोडून एक पाटी जोडावी तसा तो शब्द दिसत होता. शेवटी नागपूरकर म्हणाला, "हा तर भांडून राहिला."

ग्रंथालयात बापूराव नाईक यांचे 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'चे जाडजूड खंड होते, भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढलेले. ते चाळताना आमची गोची कळली. वर्णमाला लावलेली आहे ती तोंडातल्या जागांवरून. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. डोळ्याला या क्रमाचं काही देणंघेणं नाही. आकाराच्या हिशेबाने व, ब आणि क एका घरातले. तिघांचं पोट एकच. पण क मालवणीकडे गेला होता आणि ब, व सातारकराकडे. प, ष, फ यांचं तेच. ग, म, भ, न, स यांच्यात गाठी किंवा त्यांचे भाऊबंद, तेही चौघांत विखुरलेले. भावंडं वेगवेगळ्या घरी दत्तक देऊन वर त्यांनी सारखं दिसावं अशी आमची अपेक्षा होती.

ज्यांच्या पाट्यांचे फोटो सर्वांत जास्त होते त्या पेंटरकाकांकडे आम्ही पुन्हा गेलो. पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान. फ्लेक्स आल्यापासून काम आटलेलं. नंबरप्लेट, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रसवंतिगृहं, एवढंच उरलेलं. त्या दिवशी रसवंतीचीच पाटी चालू होती. काकांनी सुतळीला खडू फासून ती पत्र्यावर ताणली आणि टण्णकन सोडली. वरची रेघ. मग खालची. आता र काढतील म्हणून आम्ही मोबाइल सरसावून बसलो, तर त्यांनी हाताखाली काठी टेकवली, चपटा ब्रश घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते उभे दांडे ओढत गेले. स चा, मग व चा, मग त चा. पाटीवर एकही अक्षर नाही, नुसती गजांची खिडकी. त्यानंतर पोटं. त्यानंतर गाठी. कडा त्यांच्या, आतला रंग पुतण्या भरणार, आणि सावलीला संध्याकाळी तिसरा कोणीतरी येणार होता.

सातारकराने विचारलं, "काका, मग हे अक्षर नक्की कुणाचं म्हणायचं?"

काका ब्रश रॉकेलमध्ये खळबळवत म्हणाले, "पैसे देईल त्याचं."

परतताना बसमध्येच आम्ही वाटणी मोडली. अक्षरं कुणाचीच नाहीत, अवयव वाटायचे. सगळे दांडे, काने आणि शिरोरेषेची जाडी नागपूरकर. पोटं मालवणी. गाठी आणि शेपट्या माझ्या. मात्रा, वेलांट्या, उकार सातारकर. वेलांटी वाटते तेवढी सोपी नसते. 'कि' वरची कमान 'क्ति' ला पुरत नाही, म्हणून तिची वेगवेगळ्या रुंदीची रूपं करावी लागतात.

फाइलींचा घोळ मालवणीने सोडवला. एकाच फाइलवर चौघांनी काम केलं की शेवटी सेव्ह करणारा बाकीच्यांचं पुसतो. तिने सगळं यूएफओ नावाच्या फॉरमॅटमध्ये हलवलं. त्यात फॉन्ट म्हणजे एक फोल्डर आणि प्रत्येक अक्षर म्हणजे आत एक स्वतंत्र फाइल. फॉन्टफोर्ज या प्रोग्राममध्ये ते उघडतं, त्यामुळे मॅक नसलेल्यांचंही अडलं नाही. नियम एकच ठरला: कुणीही कुठलंही अक्षर उघडून बदलावं, विचारायची गरज नाही, फक्त बदललेल्याचा प्रिंट स्टुडिओच्या भिंतीवर लावायचा.

या नियमाला हात वर करणाऱ्यांत मी होते, आणि माझा स बदललेला दिसल्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा करणारीही मीच. गाठ लहान केली होती, तिरका काप काढून टाकला होता. मी जुना परत आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा. मग मालवणीने दोन्ही 'स' घालून 'सासवड' मोठ्या आकारात छापलं, व्हरांड्याच्या टोकाला चिकटवलं आणि मला दुसऱ्या टोकाला उभं केलं. तिथून माझ्या स च्या गाठीचा काळा ठिपका झाला होता. एकटा बघाल तर माझा स आजही देखणा आहे, हे माझं मत कायम आहे. पण पाटी रस्त्यापलीकडून वाचतात.

ल चं भांडण मात्र वेगळ्या जातीचं होतं. नागपूरकर हिंदी-मराठी पाट्यांत वाढलेला. त्याला दांड्याचा ल सरळ वाटे आणि आमचा पाकळ्यांचा ल त्याच्या गजांच्या शिस्तीत बसेना. सातारकर नेहमी गप्प, पण या बाबतीत हटून बसला. शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे, हे त्याने निर्णयाच्या छापील प्रतीसह मांडलं. सरांनी यात तेल ओतलं. विंडोजमधला 'मंगल' आपल्याच र. कृ. जोशींनी घडवला, तरी त्यात मराठी लिहिलं की ल हिंदी वळणाचाच उमटायचा. तेव्हा तुमचं भांडण जुनंच आहे, म्हणाले. तोडगा यंत्रातच होता. फॉन्टमध्ये दोन्ही ल ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली की आपोआप मराठी वळण येतं, अशी सोय असते. मग मालवणीने फर्मावलं की पाकळीचा ल नागपूरकराने काढायचा आणि दांड्याचा सातारकराने. दोघांनी तोंड वाकडं करून काढले. दोन्ही चांगले उतरले. विरोधक काळजीपूर्वक काढतो.

सातारकराबद्दल थोडं सांगायला हवं. वेलांट्या सोडल्या तर त्याने जवळजवळ काही काढलं नाही. मधले काही आठवडे तो घरी शेतीच्या कामाला गेला होता. आधीच्या कुठल्याही गटात मी त्याचं नाव घेऊन सरांकडे गेले असते. पण तो यायचा, भिंतीसमोर हात मागे बांधून उभा राहायचा आणि बोट ठेवायचा. "हे पडतंय." "इथं भोक दिसतंय." बास. भ खरंच पुढे झुकलेला असायचा. 'रथ' मध्ये र आणि थ यांच्यात खरंच जास्त मोकळी जागा असायची. आम्ही तिघं ज्या अक्षरांना चिकटून बसलो होतो, त्यांच्यावर त्याने जीव लावलेला नव्हता, म्हणून त्याला ती दिसत.

मूल्यमापनाचा तक्ता आला आणि हे सगळं त्यात कुठे बसवायचं ते कळेना. प्रत्येक विद्यार्थ्याचं योगदान टक्क्यांत लिहा, बेरीज शंभर. आम्ही २५, २५, २५, २५ लिहिलं. तक्ता परत आला, प्रामाणिकपणे भरा अशा शेऱ्यासह. आम्ही तसाच पुन्हा दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'ष्ट्र' वर बोट ठेवून विचारलं, हे कुणी केलं? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्ही लपवत नव्हतो. सांगता येत नव्हतं. गुण बरे मिळाले, पहिले नाही. पहिला आलेल्या गटाचा फॉन्ट एकाच मुलीने केला होता आणि तो खरोखर सुंदर होता, हेही कबूल करायला हवं.

शेवटचं भांडण फॉन्ट बंदिस्त करताना झालं. फॉन्टच्या माहितीत 'डिझायनर' अशी एक चौकट असते. चार नावं लिहायची, पण कोणत्या क्रमाने? वर्णमालेने लावा, सातारकर म्हणाला. नागपूरकराचं आडनाव ठ वरून आणि त्याचं स्वतःचं न वरून, म्हणजे तो आपणहून मागे जात होता. नागपूरकराला वाटलं हे उपकार आहेत. तो म्हणाला इंग्रजी क्रम लाव, त्यात तू आधी येशील. 'तू आधी, तू आधी' करत दोघं इतके तापले की चहा गार झाला. मालवणी दोन्हीकडे पहिली येत होती, त्यामुळे तिने आवाज काढला नाही. मी दोन्हीकडे शेवटची. म्हणून निकाल द्यायचं माझ्याकडे आलं, आणि मी छापा-काटा करायला पेंटरकाकांकडून सुट्टे परत मिळालेलं नाणं काढलं, तर नागपूरकर म्हणाला, आधी छापा कुणाचा ते ठरव.