रंगारी बघावा आषाढात

आमच्या रूममध्ये आम्ही तिघं. एक जामखेडचा, एक पाथर्डीचा आणि मी अकोल्याचा. अकोला म्हटलं की लोक थेट विदर्भात जातात, म्हणून लगेच सांगावं लागतं – अकोले, आपल्याच जिल्ह्यातलं, भंडारदऱ्याचं! 'ओलीनं घराचा रंग गेला' असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जामखेडकर पोट धरून हसला. "आमच्याकडं ओल यावी म्हणून नवस बोलतात लेका!"

त्याचंही बरोबर आहे म्हणा. जिल्हा एकच (२०२४ पासून कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच), पण नगर शहरात वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलीमीटर पाऊस आणि आमच्या घाटघरला पाच हजारांच्या आसपास! सह्याद्री ढग अडवतो, सगळं आमच्या डोक्यावर ओततो आणि पुढं जामखेडला नुसता वारा पाठवतो. या पाण्यासाठी इंग्रजांनी भंडारदऱ्याला धरण बांधलं, ते १९२६ साली पूर्ण झालं. त्या पाण्यावर खाली प्रवरेकाठी ऊस उभा राहिला. आमच्या शेंडीत मात्र तेच पाणी भिंतीतून घरात येतं. आषाढ-श्रावणात कपडे चुलीवर वाळवायचे, काडेपेटी पिठाच्या डब्यात ठेवायची, आणि पांघरूण अंगावर घेतलं की ते आधी आपल्या अंगाची ऊब पिऊन घेतं.

तर मंडळी, गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ताईचा साखरपुडा ठरला. घराला रंग द्यायचा ठरलं. घरात शिकलेला मी, त्यातून सिव्हिलला, म्हणून रंगारी शोधायचं काम माझ्याकडे. मी काय केलं? होस्टेलवर बसून तीन जणांना फोन केले. सगळ्यात कमी पैसे सांगणारा आणि 'चार दिवसांत घर चकाचक' म्हणणारा निवडला. त्यानं मोबाईलवर कामाचे फोटो पाठवले होते. काय चमकत होत्या भिंती! फोटोत ओल दिसत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

दुधाचा पगार आणि आईची भिशी मिळून चोवीस हजार गेले. अर्धे आगाऊ. सामान तोच आणणार म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, अण्णांची खेप वाचली. डबे आले ते फोडूनच. डब्यात पेंटरसाठी टोकन निघतं ते त्याच्या खिशात गेलं, त्याचं काही नाही. पण रंगात पाणी किती ओतलं ते कुणी पाहिलंच नाही. बाहेर पाऊस चालू आणि आत ओल्या भिंतीवर पुट्टी! खाली कमरेपर्यंत ऑइलपेंट, वर डिस्टेंपर. साखरपुड्याला सगळे म्हणाले, "घर छान केलं हो." मीच लावल्यासारखा मिरवत होतो.

दिवाळीला घरी गेलो तर भिंतीला फोड आले होते. हात लावला की पापुद्रा निघायचा, मागं पांढरी पूड – लोणा. आजीच्या खोलीत तर कपाटामागं काळी बुरशी. आजीला दमा. आईनं तिचं अंथरूण चुलीजवळ हलवलं होतं. रंगाऱ्याला फोन केला. आधी "बघायला येतो", मग फोन उचलणंच बंद. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. रोज सकाळी उठून, कुणी यायच्या आत, पडलेले पोपडे झाडून उकिरड्यावर टाकायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. वैशाखात लग्न होतं.

दुसरा रंगारी आईनं शोधला. तिनं कुणाला फोन केला नाही की भाव विचारला नाही. बचत गटाच्या बायकांना एकच प्रश्न विचारला – आषाढात कुणाच्या घरात भिंत धरवते? बायका भर पावसात एकमेकींच्या घरी जातात, त्यांना सगळं माहीत असतं. राजूरकडच्या एका गुरुजींचं घर निघालं, रंग देऊन चार पावसाळे झालेले. आई स्वतः जाऊन भिंतीवरून हात फिरवून आली.

ते काका आले ते मार्गशीर्षात. रंगाचं कार्ड दाखवतील म्हणून ताई नटून बसलेली. काकांनी कार्ड काढलंच नाही. भिंतीला तळहात लावला, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं – खालचं दोन फूट प्लास्टर पोकळ वाजत होतं. मग बाहेर जाऊन पागोळ्यांची जागा पाहिली. भिंतीला लागून आम्ही मातीचा ढीग घातला होता, वर दोन कौलं फुटलेली. आत येऊन खताच्या गोणीतलं प्लॅस्टिक मागितलं आणि हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपनं चिकटवला. "उद्या बघा. आतल्या अंगाला दव धरलं तर पाणी भिंतीतलं, वरच्या अंगाला धरलं तर घरातल्या हवेतलं."

दुसऱ्या दिवशी आतून थेंब ओघळत होते.

"इंजिनिअर, कुठल्या शाखेला?"

"सिव्हिल."

"मग तुम्हाला कसं नाय कळलं?"

काय सांगणार? केशाकर्षण मला येतं. परीक्षेत आकृती काढून मार्क मिळवलेत. पण जमिनीतलं पाणी दगड-मातीच्या भिंतीतून वर चढतं ते आपल्याच घरात, हे कुठं लिहून आलं होतं!

काकांनी पैसे घेतले नाहीत आणि काम पण घेतलं नाही. म्हणाले, कौलं बदला, माती काढा, चर खणा, पोकळ प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवा. मी होळीच्या आधी येईन. ताई रडली. पाहुणे येतात आणि भिंती सोललेल्या! अण्णा मात्र दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन चर खणायला लागले. मीही लागलो. त्या दिवशी ते माझ्याशी नीट बोलले.

फाल्गुनात काका आले, पुन्हा प्लॅस्टिक लावलं, कोरडं निघालं, तेव्हा काम धरलं. खाली चुन्याचा गिलावा केला. सामानाची चिठ्ठी आमच्याकडेच दिली. कळीचा चुना पिंपात भिजत घातला तेव्हा पाणी असं उकळलं की आजी बघायला उठून आली. गाळलेल्या चुन्यात डिंक, चिमूटभर नीळ, आणि तीन हात. ऑइलपेंट फक्त दारं-खिडक्यांना. चुना का, तर तो ओल कोंडत नाही, बाहेर जाऊ देतो. ऑइलपेंट झाकणासारखं बसतं आणि पाणी त्याला मागून ढकलतं. खर्च पहिल्यापेक्षा फार कमी झाला नाही, कारण मजुरीचे दिवस वाढले. जाताना म्हणाले, "मोरीच्या कोपऱ्यात ओल येणार. ती माझ्यानं जायची नाय. दर दोन वर्षांनी एक हात मारा."

यंदा आषाढात घरी गेलो. मोरीच्या कोपऱ्यात ओल आली होती, सांगितली तेवढीच. बाकी भिंत गार होती पण हाताला पूड लागली नाही. आजी तिच्या खोलीत झोपली होती.

परत आलो तर होस्टेलच्या जिन्यात पत्र्याचे डबे रचलेले. आमच्या रूमच्या छताला वरच्या बाथरूमची ओल आहे, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत आहे. टपकतं तिथं बादली ठेवून आम्ही सबमिशन लिहितो. मी रेक्टर सरांना म्हटलं, "सर, माझ्या ओळखीचे एक रंगारी आहेत. पण ते आधी वरचा पाइप बघतील आणि मग दोन महिन्यांनी या म्हणतील."

सर म्हणाले, "अरे, कमिटी पंधरा तारखेला येतेय!"

– टी. ई. सिव्हिल